शॉर्ट कोड : कार्यालयाची सामायिक स्मरणशक्ती

दूरध्वनी यंत्रणा ही आज लहानमोठ्या सर्वच संस्थांची गरज आहे. धर्मग्रामाचे कार्यालय, शाळा, दवाखाना, वसतिगृह, पतपेढी, गृहनिर्माण संस्था अशा ठिकाणी ईपीएबीएक्स, म्हणजे संस्थेचे स्वतःचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज, बसविलेले आढळते. बाहेरच्या दोन-तीन लाइन आणि आतले दहा-पंधरा फोन, असा त्याचा साधारण पसारा असतो. बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग मात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलण्यापुरता, म्हणजे इंटरकॉमपुरताच होतो. त्याच यंत्रात शॉर्ट कोडची सोय असते, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते तेही ती क्वचितच वापरात आणतात.

शॉर्ट कोड म्हणजे दोन, तीन किंवा चार आकड्यांचा लघुसंकेत. तो दाबला की यंत्र आपल्या स्मृतीतून पूर्ण क्रमांक शोधते आणि स्वतःच तो फिरविते. बोटांचे श्रम आणि थोडा वेळ वाचतो, हा त्याचा लहानसा फायदा होय. मोठा फायदा असा की, कार्यालयाला लागणारे क्रमांक एका व्यक्तीच्या वहीत, तिच्या मोबाइलमध्ये किंवा तिच्या डोक्यात अडकून न राहता सर्वांच्या हाती येतात. ही मांडणी कशी करावी, ती करताना कोणते धोके टाळावेत आणि विशेषतः आणीबाणीच्या क्रमांकांची काळजी कशी घ्यावी, याची माहिती या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

क्रमांक कशासाठी आले?

टेलिफोनच्या अगदी सुरुवातीच्या काळात ग्राहकांना क्रमांकच नव्हते. फोन उचलायचा आणि एक्स्चेंजमधील ऑपरेटरला नाव सांगायचे; कोणाची तार कोणत्या छिद्रात जोडायची, हे ऑपरेटरला पाठ असे. १८७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल या गावी गोवराची साथ आली. तेथील एक्स्चेंजमध्ये चार ऑपरेटर होते आणि ग्राहक दोनशेहून अधिक. डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांच्या मनात शंका आली, की हे चौघेही एकाच वेळी आजारी पडले तर गावाचा टेलिफोन बंद पडेल. कारण नवख्या माणसाला इतकी नावे आणि त्यांच्या जागा एका दिवसात पाठ होणार नाहीत. त्यांनी सुचविले, की नावांऐवजी ग्राहकांना क्रमांक द्यावेत. टेलिफोन क्रमांकाच्या वापराची सुरुवात या सूचनेपासून झाली, असे मानले जाते.

पुढे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. १८९१ साली आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि ऑपरेटरचे काम हळूहळू यंत्राकडे गेले. क्रमांक वाढले, लांबले. आज आपल्या देशात एसटीडी कोड धरून दहा आकडे होतात. वसईचा कोड २५० आणि पुढे सात आकडे, मुंबईचा २२ आणि पुढे आठ आकडे. बेरीज दोन्हीकडे दहाच.

मोबाइल आल्यावर हे दहा आकडे पाठ ठेवण्याची सवय सुटली. क्रमांक यंत्राच्या स्मृतीत गेले. परंतु ते यंत्र एकाच व्यक्तीच्या खिशात असते. क्लार्क रजेवर गेला, मुख्याध्यापिकांची बदली झाली, जुना शिपाई निवृत्त झाला, की त्यांच्याबरोबर प्लंबरपासून रुग्णवाहिकेपर्यंतचे क्रमांकही निघून जातात. लोवेलच्या डॉक्टरांना जी भीती वाटली होती, तीच परिस्थिती आपल्या कार्यालयांत पुन्हा निर्माण झाली आहे. शॉर्ट कोडचा खरा उपयोग येथे आहे.

यंत्र आकडे कसे वाचते?

मांडणी करण्यापूर्वी यंत्राची रीत समजून घेणे आवश्यक आहे. रिसीव्हर उचलला की यंत्र आपल्याला डायल टोन देते. त्यानंतर आपण दाबलेला प्रत्येक आकडा ते एकेक करून घेते आणि आपल्याजवळील तक्त्याशी ताडून पाहते. प्रत्येक आकड्यानंतर तीनपैकी एक गोष्ट घडते. आकडे तक्त्यातील एखाद्या नोंदीशी पूर्ण जुळले, तर यंत्र ताबडतोब ती आज्ञा पाळते. आणखी आकडे येण्याची शक्यता असेल, तर ते थांबते. कशाशीच जुळत नसेल, तर चुकीचा क्रमांक असल्याचा सूर ऐकू येतो.

या रीतीतून एक महत्त्वाचा नियम निघतो. एका क्रमांकाची सुरुवात म्हणजे दुसरा पूर्ण क्रमांक, असे कधीही होता कामा नये. समजा, आतल्या एका फोनला १० हा क्रमांक दिला आहे. आता कोणी रुग्णवाहिकेसाठी १०८ दाबू लागले, तर १ आणि ० दाबताच यंत्राच्या दृष्टीने क्रमांक पूर्ण होतो आणि त्या खोलीतला फोन वाजू लागतो. शेवटचा ८ यंत्राच्या कामी येतच नाही. काही यंत्रे अशा वेळी काही सेकंद थांबून पाहतात. परंतु मग १० या खोलीला केलेला प्रत्येक फोन उशिरा लागतो. दोन्हीकडे गैरसोयच आहे. तीन आकडी क्रमांक दिले तरी धोका टळत नाही. आतल्या फोनना १०१ ते १२० असे क्रमांक असतील, तर अग्निशामक दलासाठी १०१ दाबणाऱ्याला हिशेबनीसाच्या टेबलावरची घंटा ऐकू येईल, आणि ११२ दाबणाऱ्याला शिक्षकांच्या खोलीतली. रात्रीच्या वेळी त्या खोलीत कोणी नसते.

पहिल्या आकड्याचे वाटप

म्हणून शॉर्ट कोडची मांडणी यंत्रावर सुरू न करता कागदावर सुरू करावी, आणि तीही पहिल्या आकड्यापासून. शून्य ते नऊ हे दहा आकडे म्हणजे दहा दरवाजे आहेत, असे समजावे. कोणता दरवाजा कशासाठी, हे एकदा ठरले की पुढची घडी आपोआप बसते. एकाच आवारात धर्मग्रामाचे कार्यालय, शाळा, दवाखाना आणि वसतिगृह आहे, अशी कल्पना करून आम्ही एक नमुना देत आहोत.

० – बाहेरची लाइन घेण्यासाठी.
१ – रिकामा. आतल्या कोणत्याही फोनला किंवा कोडला १ ने सुरू होणारा क्रमांक द्यावयाचा नाही. हा दरवाजा फक्त आणीबाणीसाठी.
२ – कार्यालय व धर्मगुरूंचे निवासस्थान : २०१ ते २१९.
३ – शाळा : ३०१ ते ३१९.
४ – दवाखाना : ४०१ ते ४०९.
५ – वसतिगृह : ५०१ ते ५०९.
६ व ८ – पुढील वाढीसाठी राखीव.
७ – शॉर्ट कोड : ७०१ ते ७९९.
९ – स्वागतकक्ष किंवा ऑपरेटर.
स्टार व हॅश – कॉल दुसरीकडे वळविणे, दुसऱ्याचा वाजणारा फोन उचलणे यांसारख्या सुविधा.

आपल्याकडील अनेक यंत्रांत बाहेरच्या लाइनसाठी ० असतो, काहींत ९. कोणताही असो, संपूर्ण आवारात तो एकच असावा. फारच लहान यंत्रांत आतल्या फोनचे क्रमांक कारखान्यातूनच ठरून आलेले असतात. तेथे संपूर्ण वाटप बदलता येत नाही. परंतु १ ने सुरू होणारे क्रमांक बदलता येतात का, एवढे तरी तंत्रज्ञाला विचारून घ्यावे.

आणीबाणीचे क्रमांक सर्वांत आधी

२०१३ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या मार्शल या गावी एका हॉटेलच्या खोलीत एका स्त्रीवर तिच्यापासून विभक्त झालेल्या पतीने प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथेच होती. आपत्तीच्या वेळी ९११ हा क्रमांक फिरवावा, हे तिला शिकविलेले होते. तिने खोलीतल्या फोनवरून तो क्रमांक चार वेळा फिरविला; परंतु फोन लागलाच नाही. त्या हॉटेलात बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागत असे, आणि हे त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आईचा मृत्यू झाला. मुलीच्या आजोबांनी पुढे जो पाठपुरावा केला, त्यातून 'केरीज लॉ' हा कायदा झाला. केरी हे त्या मातेचे नाव. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली, आणि १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविल्या जाणाऱ्या यंत्रणांना तो लागू झाला. संस्थेतील कोणत्याही फोनवरून, आधी कोणताही आकडा न दाबता, ९११ थेट लागला पाहिजे, आणि असा फोन झाल्याची सूचना स्वागतकक्षासारख्या मध्यवर्ती ठिकाणी मिळाली पाहिजे, असे तो कायदा सांगतो.

कायदा अमेरिकेचा असला, तरी यंत्राची रीत सगळीकडे सारखीच आहे. आपल्याकडे ११२ हा देशभरासाठीचा एकच आणीबाणीचा क्रमांक २०१८पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याशिवाय पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१, महाराष्ट्रात २०१४पासून रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लोकांच्या परिचयाचे आहेत. संकटातील बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक तर १९९६ साली मुंबईतच सुरू झाला; शाळा आणि वसतिगृह असलेल्या आवारात त्याचे महत्त्व सांगावयास नको. हे सर्व क्रमांक १ ने सुरू होतात, म्हणूनच वरच्या नमुन्यात १ चा दरवाजा आम्ही मोकळा ठेवला आहे.

यंत्रात दोन्ही प्रकारची नोंद करून घ्यावी. ११२ थेट दाबले तरी यंत्राने स्वतः बाहेरची लाइन घेऊन ते फिरवावे, आणि सवयीने कोणी ० दाबून मग ११२ दाबले तरीही ते लागावे. घाबरलेल्या माणसाने दोन्हींपैकी काहीही केले तरी मदत मिळाली पाहिजे. ज्या फोनवरून बाहेर बोलण्यास बंदी आहे, त्या फोनवरूनही हे क्रमांक सुटले पाहिजेत. यंत्रात सोय असेल, तर असा फोन झाल्याबरोबर कार्यालयातील किंवा फाटकावरील फोन वाजेल, अशी व्यवस्था करावी. मोठ्या आवारात रुग्णवाहिका आली आणि फाटक उघडणाऱ्यालाच पत्ता नाही, असे मग होत नाही.

कोड पदाला द्यावा

आता शॉर्ट कोडच्या यादीकडे वळू. महिनाभर एक वही टेलिफोनजवळ ठेवावी आणि बाहेर केलेला प्रत्येक फोन कोणाला होता, एवढेच तीत लिहावे. अनेक यंत्रे ही नोंद स्वतःच ठेवतात व ती संगणकावर घेता येते. महिन्याअखेर असे दिसून येईल, की काही थोडेच क्रमांक वारंवार लागतात. त्यांना कोड द्यावेत. त्यांच्या जोडीला जे वर्षातून एखादेच वेळी, पण तातडीने लागतात, तेही घ्यावेत : वीजमंडळाचे तक्रार केंद्र, गॅस एजन्सी, जवळचे रुग्णालय, पोलीस ठाण्याचा थेट क्रमांक, पाण्याचा टँकर, लिफ्टची देखभाल करणारे. तीस-चाळीस कोड पुरेसे होतात. शंभर कोड दिले तर तक्ता कोणी वाचत नाही.

कोड देताना एक पथ्य पाळावे. कोड व्यक्तीला न देता पदाला किंवा कामाला द्यावा. '७०१ – आजचे डॉक्टर', '७०२ – प्रमुख धर्मगुरूंचा मोबाइल', '७०५ – वसतिगृह प्रमुखांचा मोबाइल' अशी नोंद असावी. बदल्या होतात, माणसे येतात आणि जातात; कोड मात्र तोच राहतो. मध्यरात्री एखाद्या घरून आजाऱ्यासाठी धर्मगुरूंना बोलावणे आले आणि ते निवासस्थानी नसले, तर फोन घेणाऱ्या रखवालदाराला त्यांचे नाव किंवा नवा क्रमांक शोधत बसावे लागू नये. त्याने ७०२ दाबावे, एवढेच. नवे धर्मगुरू आल्यावर यंत्रातील एक ओळ बदलली की काम झाले.

याचा आणखी एक लाभ आहे. तक्त्यावर फक्त पद आणि कोड छापलेला असतो. प्रत्यक्ष मोबाइल क्रमांक यंत्राच्या पोटात राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस कोणाचाही खासगी क्रमांक पडत नाही. तरीही ज्यांचा क्रमांक नोंदवावयाचा, त्यांची संमती आधी घ्यावी.

शून्याचा प्रश्न

नोंद करताना सर्वाधिक गोंधळ होतो तो शून्याचा. १५ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावणे बंधनकारक झाले आहे. त्यापूर्वी आपल्याच परिमंडळातील मोबाइल शून्याशिवाय लागत असे. या बदलाची शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२०च्या मे महिन्यात केली होती. या एका शून्यामुळे सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक उपलब्ध होतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यामागचे कारणही आपण वर पाहिलेल्या नियमातच आहे. मोबाइल आणि लँडलाइन यांचे सुरुवातीचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून मध्ये शून्याची भिंत घातली.

आता कार्यालयात बाहेरची लाइन घेण्यासाठीही ० च असेल, तर मोबाइलसाठी दोन शून्ये होतात : पहिले आपल्या यंत्रासाठी, दुसरे कंपनीच्या एक्स्चेंजसाठी, आणि त्यानंतर दहा आकडे. नवख्या माणसाची गल्लत येथेच होते. शॉर्ट कोड असल्यास ही आठवण यंत्र ठेवते. मात्र नोंद करताना नीट पाहावे. काही यंत्रे बाहेरच्या लाइनचा आकडा स्वतः लावतात, तेथे फक्त एक शून्य आणि दहा आकडे नोंदवायचे. काही यंत्रांत तोही आपणच लिहावा लागतो. बाहेरचा डायल टोन येण्यास एखादा सेकंद लागतो. त्याआधीच यंत्राने आकडे सोडले तर पहिला आकडा गळतो. त्यासाठी पहिल्या शून्यानंतर 'पॉज', म्हणजे क्षणभराचा विराम, नोंदविण्याची सोय असते.

२०२१च्या बदलाने एक गोष्ट चांगलीच दाखवून दिली. जेथे कोड मध्यवर्ती यंत्रात होते, तेथे एका बैठकीत सगळे क्रमांक दुरुस्त करता येत होते. जेथे प्रत्येक टेबलावरच्या फोनमध्ये वेगवेगळे स्पीड डायल भरलेले होते, तेथे प्रत्येक फोन हाती घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून वैयक्तिक स्पीड डायलपेक्षा सर्वांसाठीची सामायिक यादी नेहमीच श्रेयस्कर.

यंत्रात नोंद करणे

नोंदीची पद्धत प्रत्येक कंपनीच्या यंत्रात वेगळी असते. तरी पायऱ्या साधारण सारख्याच आहेत. ऑपरेटरच्या फोनवरून किंवा संगणकावरून परवलीचा शब्द देऊन प्रोग्रॅमिंगमध्ये प्रवेश करायचा, कोडचा क्रमांक द्यायचा, त्यापुढे पूर्ण क्रमांक द्यायचा, कोणत्या लाइनवरून फोन जावा ते सांगायचे आणि नोंद जतन करायची. सोबतची पुस्तिका हरवली असेल, तर ती कंपनीकडून मागवून कार्यालयात जपून ठेवावी.

मोठ्या यंत्रणांत शॉर्ट कोड ही संज्ञा अधिक व्यापक अर्थाने वापरली जाते. उदाहरणार्थ, अव्हाया कंपनीच्या आयपी ऑफिस या यंत्रणेत प्रत्येक शॉर्ट कोडचे मुख्य भाग चार : वापरणाऱ्याने काय दाबले, त्यावर यंत्राने कोणते काम करावे, कोणता क्रमांक फिरवावा आणि तो कोणत्या लाइनगटातून जावा. तेथे 'एन' हे अक्षर 'पुढे येतील ते सर्व आकडे' या अर्थाने वापरतात. म्हणजे ९ आणि पुढे एन अशी नोंद केली, की ९ नंतर दाबलेले सर्व आकडे, तो ९ गाळून, बाहेर पाठविले जातात. १९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी लिहिलेल्या ॲस्टेरिस्क या मुक्त संगणकप्रणालीत मात्र 'एन' म्हणजे २ ते ९ यांपैकी कोणताही एकच आकडा. अक्षर तेच, अर्थ निराळा. एका यंत्रणेची नोंद दुसरीत जशीच्या तशी उतरवू नये, एवढेच यातून लक्षात घ्यावयाचे.

कुलूप आणि किल्ली

बहुतेक संस्थांत काही फोनना एसटीडी लॉक असतो, आणि तो योग्यच आहे. अनेक यंत्रांत अशी सोय असते, की कुलूप असलेल्या फोनवरूनही सामायिक यादीतील शॉर्ट कोड लागतो. वसतिगृहातील फोन बाहेरच्या सर्व क्रमांकांना बंद ठेवून डॉक्टर, प्रमुख आणि कार्यालय एवढेच त्याला खुले ठेवता येतात. मात्र कोणता कोड कोणत्या फोनला खुला, हे व्यवस्थापकांनी विचारपूर्वक ठरवावे आणि लिहून ठेवावे.

यंत्र कारखान्यातून येताना त्याला ठरावीक परवलीचा शब्द असतो, आणि तो पुस्तिकेत छापलेला असल्यामुळे कोणालाही कळू शकतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रणांत तर असा शब्द न बदलल्यास दूर कोठेतरी बसलेले भामटे संस्थेच्या लाइनवरून परदेशी फोन करतात आणि बिल संस्थेच्या नावावर पडते. नवा शब्द बंद पाकिटात घालून व्यवस्थापकांच्या कपाटात ठेवावा. तो एकट्या तंत्रज्ञाजवळ असणे म्हणजे पुन्हा एकाच व्यक्तीवर विसंबणे होय.

वीज गेल्यावर

ईपीएबीएक्स विजेवर चालते. वीज गेली आणि बॅटरी संपली, की शॉर्ट कोडही संपले. अनेक यंत्रांत अशा वेळी बाहेरची एक लाइन आपोआप एका ठरावीक फोनला थेट जोडली जाते. तो फोन कोणता, हे तंत्रज्ञाला विचारून त्यावर खुणेची चिठ्ठी लावावी. त्या वेळी तो फोन साध्या लँडलाइनसारखा होतो. बाहेरच्या लाइनसाठी ० लागत नाही आणि ७०२ सारखे कोड चालत नाहीत. म्हणून त्या एका फोनजवळ, बंद वहीत का होईना, महत्त्वाचे क्रमांक पूर्ण स्वरूपात लिहिलेले असावेत. बाहेरची लाइन ऑप्टिकल फायबरवरून येत असेल, तर भिंतीवरच्या फायबरच्या पेटीलाही वीज लागते. तिलाही इन्व्हर्टरची जोड द्यावी, नाहीतर यंत्राची बॅटरी भरलेली असूनही फोन मुका राहील.

चाचणी आणि तक्ता

सर्व नोंदी झाल्या, की प्रत्येक कोड किमान एकदा फिरवून पाहावा. आणि प्रत्येक विभागातल्या एका तरी फोनवरून, विशेषतः कुलूप असलेल्या फोनवरून, चाचणी घ्यावी. आणीबाणीच्या क्रमांकांची चाचणी घेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावे, आणि फोन लागताच ही चाचणी असल्याचे स्पष्ट सांगून ठेवून द्यावा.

त्यानंतर तक्ता छापावा. अक्षरे मोठी असावीत आणि भाषा मराठी असावी. कारण रात्री तो वाचणारा रखवालदार किंवा वसतिगृहातील विद्यार्थिनी असू शकते. सर्वांत वर आणीबाणीचे क्रमांक, त्याखाली संस्थेचा पूर्ण पत्ता आणि ओळखीची खूण, आणि मग शॉर्ट कोड. संकटात पत्ता विचारला असता स्वतःच्या इमारतीचे नावही अनेकांना आठवत नाही. तळाशी तपासणीची तारीख घालावी. वर्षातून दोनदा, उदाहरणार्थ जानेवारीत आणि शाळा उघडताना जूनमध्ये, सर्व कोड पुन्हा तपासावेत आणि ही जबाबदारी एका पदाकडे लेखी सोपवावी. यंत्रातील सर्व नोंदींची एक प्रत संगणकावर आणि एक कागदावर असावी. वीज कोसळून यंत्र जळाले, तर नवे यंत्र त्याच दिवशी भरता येते.

या सर्व कामाला फार मोठा खर्च नाही. यंत्र बहुधा आधीच भिंतीवर आहे. लागतो तो एक कागद, दोन-तीन माणसांची एक बैठक आणि तंत्रज्ञाचे काही तास. आपल्या संस्थेत ही मांडणी झाली आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आम्ही सुचवितो. कालच कामावर रुजू झालेल्या व्यक्तीला फोनजवळ बसवावे आणि कोणालाही न विचारता रुग्णवाहिका कशी बोलावशील, डॉक्टरांना कसे गाठशील, असे तिला विचारावे. समोरचा तक्ता पाहून तिने अचूक उत्तर दिले, तर मांडणी पूर्ण झाली असे समजावे. उत्तर देताना ती जुन्या क्लार्ककडे पाहू लागली, तर काम अजून शिल्लक आहे.